केंद्र बंद आहे

लवटेमॅडमच्या खुर्चीची गादी सात वर्षांत कधी दबली नाही. त्या आमच्या ऑफिसात रुजू झाल्या तेव्हा नवी गादी मागवली होती, आणि त्यांची बदली झाली तेव्हाही ती कालच दुकानातून आणल्यासारखी फुगीर होती. नंतर आलेले साहेब तिच्यावर टेकले आणि म्हणाले, "वा, माझ्यासाठी नवीन खुर्ची घेतलेली दिसते."

त्या बसायच्याच नाहीत. फाइल उभ्यानं वाचायच्या. चहा खिडकीशी उभ्यानं प्यायच्या आणि निम्मा तसाच ठेवून निघायच्या. फोनवर बोलताना दारापासून कपाटापर्यंत आणि कपाटापासून दारापर्यंत त्यांच्या येरझाऱ्या चालायच्या. भेटायला आलेल्या माणसाची मान त्यांच्याबरोबर इकडून तिकडे वळून अवघडायची. मी एकदा न राहवून म्हटलं, "मॅडम, जरा टेका की." तर म्हणाल्या, "बापट, आमच्या घरात जो टेकला तो मागं राहिला. मेंढरं कुणासाठी थांबत नाहीत."

आटपाडीच्या पलीकडच्या माळावरचं, पिढ्यान्‌पिढ्या मेंढरं राखणारं घर त्यांचं. पाऊसकाळ सरला की कळपामागं चालत मुलूख पालथा घालायचा, हे त्यांचं बालपण. तिथून शिकून त्या अधिकारी कशा झाल्या ते त्यांनी कधी सांगितलं नाही. शिवाय त्यांच्याबरोबर चालणाऱ्याला कायम निम्मंच वाक्य ऐकू यायचं. उरलेलं निम्मं त्यांच्याबरोबर पुढं गेलेलं असायचं.

आमचं ऑफिस सांगलीत, मार्केट यार्डाजवळ, एका हळदीच्या अडत्याच्या गाळ्यावरच्या मजल्यावर. खाली सौदे चालायचे, त्यामुळं आमचा जिना बारा महिने पिवळा. सातारा आणि सांगली या दोन जिल्ह्यांत कुणी काही नवं करू पाहत असेल, एखादं यंत्र असो, एखादी प्रक्रिया असो, बायकांच्या गटाचा धंदा असो, तर त्याचं जे अडलं असेल ते मिळवून द्यायचं, हे आमचं काम. कुणाला शेड लागायची, कुणाला यंत्र, कुणाला जाणता माणूस. आणि जे उभं करायचं ते आमचा हात निघाल्यावरही उभं राहिलं पाहिजे, आणि त्या भागाचं पाणी-माती संपवून नव्हे, असं आमच्या नियमपुस्तकात पहिल्याच पानावर लिहिलेलं होतं. नियमपुस्तक मला तोंडपाठ होतं. मी सांगलीच्या गावभागात वाढलेला, कागदावर जीव असलेला माणूस. अर्ज पूर्ण असेल तर मंजुरीची टिपणी, अपूर्ण असेल तर नामंजुरीची, एवढं मला स्वच्छ कळायचं.

मॅडम आल्या आणि माझ्या टिपण्यांच्या समासात पेन्सिलीनं एक शब्द दिसायला लागला : 'वास?'

पहिल्यांदा मला वाटलं, माझ्या फाइलीला वास येतो की काय. मी नाकाशी धरूनही बघितली. शेवटी जाऊन विचारलं.

"कागदाला वास नसतो, बापट," त्या दारापासून कपाटाकडं जाता जाता म्हणाल्या. "तुम्ही त्या माणसाच्या कारखान्यात जाऊन आलात का, एवढंच विचारलंय मी."

"पण अर्जासोबत तांत्रिक नकाशाच जोडलेला नाही. मग जाऊन..."

"चला," त्या म्हणाल्या, आणि जिन्यावर त्यांच्या बुटांचा आवाज यायलाही लागला. साडीखाली त्या खेळाडूंचे बूट घालायच्या.

तो अर्ज आष्ट्याच्या सदा सुतारचा होता. नाव सुतार, पण काम लोखंडाचं. गावाबाहेर पत्र्याच्या शेडमध्ये त्याचं वेल्डिंगचं दुकान होतं. हळद काढली की ती शिजवावी लागते. पूर्वी मोठ्या काहिलीत पाणी उकळून शिजवायचे, आता ट्रॉलीवरचे मोठाले वाफेचे कुकर भाड्यानं फिरतात. पण ज्याची हळद चार-सहा गुंठेच आहे त्याच्याकडं तो मोठा कुकर शेवटी येतो, आणि तोवर काढलेली हळद वाट बघत पडून राहते. सदानं दोन चाकांच्या गाड्यावर बसेल असा छोटा कुकर केला होता. उसाच्या पाचटावर चालणारा, आणि एकट्या माणसानं ओढत बांधावर नेता येईल असा.

मॅडम त्या कुकरभोवती तीन-चार फेऱ्या मारून आल्या. वाकून खालनं बघितलं. मग सदाला म्हणाल्या, "नकाशा का जोडला नाही?"

"नकाशा डोस्क्यात हाय, बाई."

"डोकं टाचणीनं फाइलीला जोडता येत नाही. बापट, लिहून घ्या."

त्यांनी खांद्यावरच्या कापडी पिशवीतनं टेप काढली आणि माझ्या हातात दिली. त्या दिवशी मी आयुष्यात पहिल्यांदा लोखंडाच्या भुशात गुडघे टेकले. सदा आकडे सांगत होता, मी मोजून खात्री करत होतो. त्याचा एकही आकडा चुकला नाही. संध्याकाळपर्यंत माझ्या वहीत नकाशा उतरला, आणि सदा तो बघून हरखला. "माझंच हाय व्हय हे," म्हणाला.

मॅडमचं मात्र नकाशाकडं लक्ष नव्हतं. त्या कुकरच्या डोक्यावरच्या नळाकडं बघत होत्या.

"जादा वाफ झाली तर कुठून जाते?"

"त्या नळातनं. वर वजन ठिवलंय. वाफ झाली का वजन उचलतंय."

"आणि नाही उचललं तर?"

"आवं, दोन हंगाम चालवला. काय बी झालं न्हाई."

"इस्लामपूरच्या कॉलेजातल्या सरांना तपासू दे. मग मी सही करते."

सदाचा चेहरा उतरला आणि लगेच तापला. "म्हंजी माझ्या हातावर इस्वास न्हाई. कॉलेजातल्या मास्तरानं कवा वेल्डिंगचा दांडा तरी धरलाय का? ऱ्हाऊ द्या तुमची सही." त्यानं शेडचं दार आमच्या तोंडावर ओढून घेतलं. परतीच्या बसमध्ये मॅडम दांडा धरून उभ्या. मी म्हटलं, "अर्ज मागं घेतला असं लिहू का?" त्यांनी ऐकलं नाही की ऐकून सोडून दिलं, कळलं नाही.

त्या पुन्हा गेल्या. सदानं चहा विचारला नाही. त्या तिसऱ्यांदा गेल्या तेव्हा मीही होतो. मॅडम दारातनंच म्हणाल्या, "सदाभाऊ, तुमचा कुकर वाईट आहे असं मला लिहायचं नाही. तो चांगला आहे असं लिहायचंय. पण मला माहीत नसलेलं मी लिहीत नाही. आता तुम्हीच सांगा, काय करू?"

सदा बराच वेळ हातातला हातोडा फिरवत राहिला. मग म्हणाला, "बोलवा त्या मास्तरला."

इस्लामपूरचे सर आले. त्यांनी कुकरमध्ये थंड पाणी भरलं, हातपंप जोडला आणि दाब वाढवत नेला. आम्हा सगळ्यांना लांब उभं केलं होतं. सदा हाताची घडी घालून, बघा तुमची हौस, अशा नजरेनं उभा होता. दाबाच्या घड्याळाचा काटा चढत गेला आणि जाडं कापड फाटावं तसा आवाज झाला. वेल्डिंगची एक शिवण उसवली होती. पाण्याची धार समोरच्या पत्र्यावर एवढ्या जोरानं आदळली की पत्र्याला पोचा आला.

सगळं शांत झाल्यावर सदा त्या पोच्यापाशी गेला. त्यावरनं हात फिरवला.

"हे नुसतं पाणी हुतं," तो म्हणाला. मग थोड्या वेळानं, "मंगळवारी माझ्या बहिणीच्या रानात हाच लावायचा हुता."

मॅडमनी त्याला एक शब्द ऐकवला नाही. म्हणाल्या एवढंच, "शिवण कशी घ्यायची ते सरांना विचारा. आणि नळ कुठं ठेवायचा ते सरांना तुम्ही सांगा. त्यांना ते माहीत नाही."

सदानं तो कुकर तीनदा मोडून बांधला. नीट झडप बसवली, दाबाचं घड्याळ बसवलं. आज आष्ट्याच्या आसपास हळदीच्या हंगामात तसले कुकर बांधाबांधावर धूर काढताना दिसतात. ते सरही सुट्टीत सदाच्या दुकानात मुलांना घेऊन येतात. मॅडमना या गोष्टीचं कुणी कौतुक केलं की त्या विषय बदलायच्या आणि घड्याळ बघायच्या.

साताऱ्याला एकदा मोठी बैठक होती. पुण्याहून आलेल्या एका सल्लागारांनी पडद्यावर चित्रं दाखवली. काचेची इमारत, तिच्यात नवकल्पना केंद्र, रंगीत खुर्च्या, भिंतींवर झाडं. सगळे माना डोलवत होते. मॅडम सभागृहात मागच्या भिंतीशी उभ्या. त्यांनी तिथूनच विचारलं, "टेम्पो कुठल्या दारानं आत येणार?"

"टेम्पो?" सल्लागार म्हणाले. "तशी सोय नाहीये. इथे कल्पनांवर काम होईल."

"आमच्याकडच्या कल्पना टेम्पोतनंच येतात," मॅडम म्हणाल्या. "हळद येते, गूळ येतो, बेदाणा येतो, बिघडलेला पंप येतो. नवं म्हणजे काय हो? काल जे अडत होतं ते आज अडलं नाही, म्हणजे झालं नवं. ते आधी अडतंय कुठं, ते बघायला तुम्ही किती गावं फिरलात?"

सल्लागार भले गृहस्थ होते. त्यांनी खरं सांगितलं, एकही नाही. मॅडम म्हणाल्या, "मग जेवण झाल्यावर चला माझ्याबरोबर." आणि ते खरोखर गेले. तीन दिवसांनी त्यांच्या आराखड्यात टेम्पोचं दार आलं. काच मात्र तशीच राहिली.

अशा या बाईंकडून ती चूक झाली, म्हणून मला ती अजून टोचते.

त्यांच्या मुलखात मेंढरं वर्षातनं दोनदा कातरतात. पूर्वी त्या लोकरीची घोंगडी व्हायची. आता घोंगडी कोण घेतो? काळी, जाड, भरड लोकर बांधावर टाकून देतात, कधी जाळतात. जळक्या लोकरीचा वास मॅडमना सहन व्हायचा नाही. एरवी सगळ्या विषयांवर धावतं बोलणाऱ्या बाई या विषयावर थांबत थांबत बोलायच्या. त्यांच्या गावात कोंडाबाई म्हणून एक बाई होती. मॅडमच्या बरोबरीची, शाळेत न गेलेली, पण दहा बायकांना एका शब्दावर उभं करणारी. तिच्या गटासाठी लोकर धुऊन पिंजायचं केंद्र काढायचं मॅडमनी ठरवलं. पिंजलेली लोकर घेतो, असं एका व्यापाऱ्यानं तोंडी सांगितलं होतं.

मार्च तोंडावर आला होता. आमच्याकडं मार्च आला की सगळ्या फाइलींना पाय फुटतात. त्या फाइलीत पाण्याच्या तपासणीचा कागद नव्हता. मी मॅडमच्या मागं चालत चालत म्हटलं, "पाण्याचा अहवाल यायचाय अजून."

"पाणी मागनं बघू," त्या म्हणाल्या.

मी आणखी एकदा म्हणायला हवं होतं. म्हटलं नाही. त्यांच्यासारख्या माणसाला समासात 'वास?' असं कोण लिहिणार, असं मला वाटलं असावं.

केंद्राचं उद्‌घाटन झालं. नव्या साड्या नेसलेल्या बायका, यंत्राला हार, कोंडाबाईच्या कपाळभर कुंकू. त्या दिवशीचे फोटो फार सुंदर आले. पहिल्या महिन्यात कळलं की तिथल्या बोअरचं पाणी एवढं खारं की साबणाला फेसच येत नाही. लोकर धुतली तरी चिकटच राहते. चिकट लोकर यंत्रात अडकायची. यंत्राला लागणारी वीज भलत्या वेळी यायची, यायची आणि जायची. व्यापाऱ्यानं पहिला माल बघितला आणि नंतर फोन उचलणं बंद केलं. वर्षाच्या आत शेडला कुलूप लागलं. ज्या बायकांनी रोजानं जायचं सोडून तिथं यायला सुरुवात केली होती त्या पुन्हा दुसऱ्यांच्या रानात भांगलायला गेल्या, आणि जाता-येता लोक कोंडाबाईला विचारायचे, "काय कोंडाबाई, कारखाना कसा चाललाय?"

मॅडम दर महिन्याला तिथं जायच्या. कोंडाबाईकडनं किल्ली घ्यायच्या, शेड उघडायच्या, यंत्राला तेल द्यायच्या, कुलूप लावून परत यायच्या. ऑफिसात आल्या की त्या दिवशी येरझाऱ्या दुप्पट. एकदा मी म्हटलं, "तेल देऊन काय होणार, मॅडम?" तर म्हणाल्या, "गंजायला नको. एवढं तरी." आणि बाहेर निघून गेल्या.

पुढच्या वर्षी वरच्या ऑफिसनं एक पुस्तिका काढायचं ठरवलं. प्रत्येक भागातली एक यशोगाथा हवी होती. आमच्याकडनं लोकर केंद्राची मागवली, कारण फोटो चांगले होते. मी दोन परिच्छेद लिहिले. खोटं काहीच लिहिलं नाही. उद्‌घाटनाच्या दिवसापाशी थांबलो, इतकंच. मॅडमनी तो कागद खिडकीशी उभं राहून वाचला, त्यावर आडवी रेघ मारली आणि खाली लिहिलं : 'केंद्र बंद आहे. पाणी तपासलं नाही. मागणीची खात्री केली नाही. घाई झाली. चूक माझी.' खाली सही.

आठ दिवसांत वरचे साहेब सांगलीला आले. दार लोटलेलं होतं, पण आमच्या ऑफिसच्या भिंती प्लायवूडच्या.

"लवटेबाई, असलं कुणी लिहून देतं का?" साहेब म्हणाले. "तुम्ही नुसतं 'केंद्राचा लाभ घेण्यात आला' असं लिहिलं असतं तरी चाललं असतं."

"कुणी घेतला लाभ, साहेब?"

"बाई, तुम्हाला कळत नाही असं नाही. बंद पडलेलं केंद्र कागदावर आलं की त्या तालुक्याचं पुढचं सगळं अडतं. तुमच्याच माणसांचं नुकसान करताय."

"आणि नाही आलं तर हेच केंद्र दुसऱ्या तालुक्यात होईल. याच फोटोवरनं होईल. तिथंही कुणी पाणी बघणार नाही."

साहेब वाईट माणूस नव्हते. त्यांनाही वर कुणाला तरी तोंड द्यायचं होतं. "वाक्य बदला," ते शेवटी म्हणाले. "निदान 'चूक माझी' तरी काढा. उगाच स्वतःच्या गळ्यात कशाला?"

"ते एक वाक्य मला शंभर टक्के माहीत आहे, साहेब. बाकीची काढा हवी तर."

पुस्तिका निघाली. तिच्यात आमच्या भागाचं पान नव्हतं. पूर्वेकडच्या, मॅडमच्या मुलखातल्या गावांचे दोन-तीन प्रस्ताव मात्र लांबणीवर पडले, साहेब म्हणाले होते तसेच. त्यानंतर एक दिवस मॅडमचे चुलते ऑफिसात आले. फेटा बांधलेला, काठी टेकत जिना चढलेला म्हातारा. मी पाणी दिलं. त्यांनी तांब्या हातात घेतला आणि तसाच धरून ठेवला.

"अनु," ते म्हणाले, "कुलूप लागल्यालं आमाला बी दिसत हुतं. आमी काय आंधळं न्हाई. पर त्ये कागदावर कशाला लिवलंस? आता हिकडं कोन काय दील? लोकं म्हनत्यात, आपलीच पोरगी, आपल्याच वाटंत काटं टाकून गेली."

मॅडम येरझारीच्या मध्येच थांबल्या. चालता चालता त्यांना असं थांबलेलं मी तेव्हा पहिल्यांदा बघितलं. म्हातारा उठला. त्या त्यांना हात धरून जिना उतरवायला गेल्या. ते अंग चोरून कठड्याला धरून एकटेच उतरले. मॅडम त्या पिवळ्या जिन्याच्या वरच्या पायरीवर कितीतरी वेळ उभ्या होत्या. खाली सौदे चालले होते, तराजू वाजत होते.

वर्षभरानं त्यांची बदली साताऱ्याला झाली. शिक्षा म्हणून झाली असं सगळे म्हणायचे. त्या म्हणायच्या, मुदत संपली होती. निघताना त्यांनी मला ती कापडी पिशवी दिली नाही, आशीर्वाद दिला नाही, काही नाही. म्हणाल्या, "बापट, पाण्याचं तुम्ही एकदा बोलला होता. दुसऱ्यांदा बोलायचं होतं." आणि रिक्षात बसून गेल्या. ते वाक्य मी अजून बाळगून आहे. साताऱ्याहूनच त्या निवृत्त झाल्या. आम्ही समारंभाला जाणार होतो, पण त्यांनी समारंभच होऊ दिला नाही.

या हिवाळ्यात माझ्या टेबलावर एक अर्ज आला. अर्जदार कोंडाबाई. विषय : मेंढीच्या लोकरीपासून डाळिंबाच्या झाडांसाठी आच्छादन. अक्षर दुसऱ्याच कुणाचं, पण अर्जासोबत बोअरच्या पाण्याचा तपासणी अहवाल पहिल्या पानावर जोडलेला. मागितलेला नसताना. मी रजा टाकली नाही, दौरा टाकला, आणि गेलो.

कोंडाबाईच्या रानात लवटेमॅडम डाळिंबाच्या ओळीत उकिडव्या होत्या. केस पांढरे झालेले, पायात तेच बूट. मला बघून त्या हसल्या, पण 'या' म्हणायच्या आत म्हणाल्या, "हात घाला."

झाडाच्या बुंध्याभोवती परातीएवढी काळी, जाड, गोल चटई होती. ती उचलून मी खाली बोटं घातली. माती ओली होती, गार होती. पलीकडच्या, चटई नसलेल्या ओळीतल्या झाडाखाली बोट शिरेना.

"दोन्ही ओळींना एकाच दिवशी पाणी दिलंय," मॅडम म्हणाल्या.

मग कोंडाबाईनं सांगितलं. यंत्रानं नासवलेली लोकर तिनं शेडच्या मागं ढीग घालून टाकली होती. भर उन्हाळ्यात त्या ढिगाच्या कडेला लिंबाचं एक रोप हिरवंगार दिसलं. "म्या ढीग उकरून बघिटला, तर खाली गारवा. म्हनलं, ही लोकर आंगावर घ्यायला कोन न्हाई, तर झाडाच्या पायात घालू." तिची सासू पूर्वी जेन करायची. जेन म्हणजे न विणता, लोकर भिजवून पायांनी तुडवून केलेली जाड बैठक. तेच कसब तिनं झाडाच्या मापानं वापरलं. धुवायला नको, त्यामुळं खारं पाणी आडवं येत नाही. यंत्र नको, वीज नको. दोन-तीन वर्षांनी कुजली की मातीतच खत. प्लास्टिकचा अंथरलेला कागद मागं उरतो, तशी ही उरत नाही.

"हे मला नाही दिसलं, बापट," मॅडम म्हणाल्या. "मी सगळी वर्षं कुलपाकडं बघत राहिले. कोंडानं जमिनीकडं बघितलं."

मी वही काढली. शिफारस लिहायला मला पाच मिनिटं पुरली असती. इतकी स्वच्छ फाइल माझ्या हाताखालून आजवर गेली नव्हती.

"नका लिहू," मॅडम म्हणाल्या.

कोंडाबाई गर्रकन वळली. "का नगं?"

"उन्हाळा जाऊ दे. आत्ता हिवाळा आहे, भर उन्हात चटईखाली एवढाच ओलावा राहतो का, ते बघायचंय. खालनं वाळवी लागते का, बुंधा कुजतो का, काय माहीत नाही."

"अनु, आठ बाया लोकर तुडवत्यात. त्यास्नी काय सांगू? एकदा तू घाई केलीस म्हनून आता आमी जलमभर थांबायचं व्हय? साहेब, तुमी लिवा. हिचं ऐकू नगा."

दोघी माझ्याकडं बघत होत्या. मॅडमच्या चेहऱ्यावर जे होतं ते मी चुलत्यांच्या भेटीच्या दिवशी एकदा बघितलं होतं. कोंडाबाईचं चूक नव्हतं आणि त्यांचंही चूक नव्हतं. मी म्हटलं, "कृषी महाविद्यालयातले एक जण ओळखीचे आहेत. आठवड्याला येऊन दोन्ही ओळींतला ओलावा मोजतील, मुळं बघतील. त्याला मंजुरी लागत नाही. आणि तोवर आजूबाजूच्या चार बागायतदारांना दोन-दोन झाडांपुरत्या चटया देऊन ठेवू. त्यांना पटलं तर मागणीचा प्रश्न तेच सोडवतील. बायकांचं काम थांबणार नाही. पण शिफारस पावसाळ्याच्या तोंडावर."

कोंडाबाईनं पदर खोचला. "म्हंजी एक उन्हाळा."

"एकच," मी म्हटलं.

"लिवून द्या तसं."

मी लिहून दिलं. मॅडमनी ते वाचायला मागितलं, वाचलं, आणि 'चार बागायतदार' खाली नखानं एक रेघ ओढून म्हणाल्या, "त्यातला एक तरी असा घ्या, ज्याचा यावर विश्वास नाही." मग माझ्याकडं न बघता पुढं म्हणाल्या, "यावेळी दुसऱ्यांदाही बोललात. बरं झालं."

आम्ही चहा प्यायलो. त्या आता तिथंच राहतात, भावाच्या घराशेजारी. चुलते गेले, ते त्यांनी एका वाक्यात सांगितलं. शेवटच्या दिवसांत ते त्यांच्याशी बोलत होते का, ते मी विचारलं नाही.

गाडी रस्त्याला लागली तेव्हा मी मागं वळून बघितलं. कुठनंशी एक शेळी बागेत शिरली होती आणि ओळीच्या टोकाची एक चटई दातांत धरून ओढत होती. कोंडाबाई बांधावरनं ओरडत होती. लवटेमॅडमनी निऱ्या खोचल्या, एक ढेकूळ उचललं, आणि त्या वयातल्या बाईनं पळू नये अशा पळत सुटल्या. शेळी चटईसकट पुढं, त्या मागं, डाळिंबाच्या ओळींमधनं, धुरळा उडवत, वळणापर्यंत मला दिसत होत्या.